पत्ता क्रमांक सात

नऊ मार्च, सकाळी आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटे. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस पुलाच्या अलीकडे बावीस मिनिटे एकाच जागी उभी होती. खिडकीबाहेर एक नीलमोहर फुलला होता आणि त्याच्या सावलीत कलिंगडाची हातगाडी लागलेली होती. तेवढ्यात भाऊंचा निरोप आला. "मॅडम, नवीन इंजिनीअर मुलगी हुशार आहे. तिच्या मते आपण ग्राहकांची मांडणी फार अस्ताव्यस्त करून ठेवली आहे. ती नीट लावायची म्हणते. लावू द्यावी काय?"

भाऊ म्हणजे माझे पहिले मालक. सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांतून ते आसपासच्या गल्ल्यांना इंटरनेट पुरवतात. त्याआधी याच गल्ल्यांना ते केबल पुरवत. त्यांच्या दृष्टीने फरक एवढाच की पूर्वी लोक मालिका चुकली म्हणून भांडत, आता वेग कमी झाला म्हणून भांडतात.

मी लगेच उत्तर पाठवले: मांडणीला हात लावू नये. पाठवल्यावर मात्र संकोच वाटला. कारण न देता दिलेली सूचना ही अंधश्रद्धाच, आणि पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून मी नुकतीच कामाला लागले होते तेव्हा मला कुणी अशी सूचना दिली असती, तर मी ती मोडूनच पाहिली असती. भाऊंच्या त्या नव्या मुलीला कारण द्यायला हवे. अडचण अशी की ते कारण एका वाक्यात मावत नाही. त्याला एक अख्खा मार्च लागतो.

मी भाऊंकडे कामाला लागले त्या वर्षी वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि आम्हाला क्वार्टर सोडावे लागले. आईवडील साताऱ्याला गेले, मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला आले. कॉट बेसिस म्हणजे भाडे खोलीचे नसते, पलंगाचे असते. पलंगाखाली ट्रंक, भिंतीवर दोन खिळे, आणि खिडकी सामाईक. वडील कारखान्यात मोजमापाची उपकरणे सांभाळत. निघताना त्यांनी मला निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही दिली आणि म्हणाले, "आकडा लिहिताना वेळही लिही. वेळ नसलेला आकडा अनाथ असतो." त्या वहीच्या पहिल्या पानावर मी आमच्या क्वार्टरचा क्रमांक लिहिला, चौदा भागिले तीन. एकवीस वर्षे मी तोच पत्ता सांगत आले होते. पुढच्याच आठवड्यात तिथे दुसरे कुटुंब आले आणि तो पत्ता तितक्याच हक्काने त्यांचा झाला. पत्ते माणसांचे नसतात, माणसे काही काळ पत्त्यांवर असतात, हे मी नोकरीत शिकण्याआधी घरी शिकले.

दुसऱ्या पलंगावर प्रज्ञा होती. वाशीम जिल्ह्यातली, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तिच्या उशाशी बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि त्याला टेकवलेले घड्याळ असे. ती चार वर्षे स्पर्धा परीक्षा देत होती आणि घरच्यांशी ठरलेल्या मुदतीच्या हिशोबाने ही तिची शेवटची संधी होती. ती हे कधीही करुण स्वरात सांगत नसे. "या खेपेला झालं तर झालं, नाही तर बाबा म्हणतात बी.एड. कर. मी चाळीस पोरांसमोर खडू घेऊन उभी राहिली तर त्या पोरांचं काय होईल, तू सांग बरं?"

सकाळी सातला ती अभ्यासिकेत जाई. अभ्यासिका म्हणजे तळघरातली किंवा पोटमाळ्यावरची लांबट खोली. दाटीने लावलेली टेबले, प्रत्येक खुर्चीवर उशी, आणि जागा आपली आहे हे सांगणारी पाण्याची बाटली. बाटली ठेवलेल्या खुर्चीवर बसण्याचे धाडस त्या गल्लीत कुणी करत नसे. तिच्या अभ्यासिकेच्या दारावर पाटी होती: "फोन बाहेर. गप्पा बाहेर. शंका असल्यास आपणही बाहेर." आमच्या त्या एका गल्लीत अशा अकरा अभ्यासिका होत्या. मार्च लागला की त्यांच्या जिन्यांतून वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास येई, कुलरची घरघर येई, आणि कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळातली घुंगरे दुपारभर वाजत राहत. आजही ती घुंगरे ऐकली की मला उसाचा रस आठवत नाही. मला तापलेल्या यंत्राचा वास आठवतो.

ग्राहकांना पत्ते वाटणारे ते यंत्र भाऊंच्या ऑफिसात मी बसवले होते. त्यामागचे कारण थोडक्यात सांगते. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला पत्ता लागतो. जुन्या रचनेतले पत्ते सुमारे चारशे एकोणतीस कोटी, आणि ते केव्हाच वाटून संपले. नव्या रचनेत पत्ते जवळजवळ अमर्याद आहेत, पण सगळे जग एका दिवसात नव्या घरी राहायला जात नाही. अर्धे सामान इकडे, अर्धे तिकडे, असा हा काळ आहे. भाऊंकडे बाहेरच्या जगाला दिसणारे जुने पत्ते होते फक्त सोळा, आणि ग्राहक होते हजाराच्या घरात. तेव्हा एका बाहेरच्या पत्त्यामागे साठ-सत्तर ग्राहक बसवायचे, आणि आतल्या बाजूला प्रत्येकाला वेगळा आतला पत्ता द्यायचा, एवढाच मार्ग होता.

आतले पत्ते कुठून आणायचे? घरोघरचे राउटर स्वतःसाठी काही ठरावीक खासगी पत्ते वापरतात. पुरवठादारानेही तेच वापरले तर घराच्या आत आणि घराच्या बाहेर एकच पत्ता होतो आणि यंत्र गोंधळते. म्हणून जगातल्या जाणकारांनी एकत्र बसून एक पट्टा खास राखून ठेवला, शंभर-चौसष्टपासून शंभर-एकशेसत्तावीसपर्यंत. एकूण पत्ते ४१,९४,३०४. तो कोणत्याही एका पुरवठादाराचा नाही. पुण्यातला वापरतो, नागपुरातला वापरतो, परदेशातलाही वापरतो, आणि बाहेरच्या जगात तो कधी दिसत नाही. मला हा निर्णय पहिल्यांदा वाचला तेव्हापासून आवडतो. टंचाईच्या ऐन काळात, एकेक पत्ता मोलाने विकला जात असताना, माणसांनी चाळीस लाखांवर पत्ते बाजूला काढले आणि ठरवले की इथे कुणीही आपली बाटली ठेवायची नाही.

मी हे प्रज्ञाला जेवताना समजावले होते. आमची मेस त्याच गल्लीत होती आणि ती चालवणाऱ्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारातून रोज शंभरावर डबे बाहेर पडत. दार एकच, पण प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने क्रमांक. रिकामा डबा परत आला की क्रमांकावरून तो कुणाचा हे कळे. "यंत्रही हेच करते," मी म्हणाले. "बाहेरचा पत्ता सगळ्यांना एकच, पण प्रत्येक निरोपाला एक दार क्रमांक. उत्तर आले की त्या क्रमांकावरून ज्याचे त्याला."

"म्हणजे तू एवढं शिकून डबे वाटून राहिली," प्रज्ञा म्हणाली.

काकूंची आणखी एक रीत होती, आणि ती मला सुरुवातीला निव्वळ लहर वाटे. मेसमध्ये चार लांब टेबले होती, पण आपण हवे तिथे बसू शकत नसू. काकू दारातच सांगत. "तू इकडे नको, त्या रत्नागिरीच्या मुलीशेजारी बस." "अगं अमरावती, तू सरक तिकडे." मी एकदा विचारलेच, की गावांची अशी सरमिसळ का करता.

"ओळखी वाढाव्यात म्हणून नाही गं करत," काकू म्हणाल्या. "प्रत्येक टेबलावर भाताचं पातेलं एक. कोकणातले सगळे एका टेबलाला बसले की दहा मिनिटांत ते खडखडतं, आणि पोळीवाल्यांच्या टेबलावर भात गार होत पडतो. तांदूळ मी तेवढाच शिजवते. फक्त माणसं नीट बसवते."

मी ऐकले आणि विसरले. वहीत त्याची नोंद नाही. आज वही चाळताना ही उणीव मला सर्वांत जास्त टोचते.

कारण फेब्रुवारीत ग्राहकांची वाटणी करताना मी अगदी उलट केले. मी वर्गीकरण केले. दवाखाने एका पत्त्यामागे, दुकाने दुसऱ्या, वयस्कर जोडप्यांची घरे तिसऱ्या. अकराही अभ्यासिका आणि त्यांच्या वरच्या कॉटच्या खोल्या पत्ता क्रमांक सातमागे. सारख्या वागणुकीचे ग्राहक एकत्र ठेवले की आलेख सुबक येतात. सातव्या पत्त्याची रेघ सकाळी सातला चढे, जेवणाच्या वेळी उतरे, पुन्हा चढे. मी ती रेघ छापून भिंतीवर लावली. भाऊंनी चष्मा वर करून ती पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. फ्रेम करून घ्या."

प्रज्ञाचा परीक्षेचा अर्ज एका दाखल्यासाठी अडला होता. तहसील कार्यालयातून अधिवासाचा दाखला यायचा होता आणि तो रोज "उद्या" येत होता. तिने घाबरून रोज मला विचारावे आणि मी शांतपणे सांगावे, "शेवटच्या दिवशी भरलास तरी चालेल. नेट माझ्या हातात आहे." हे वाक्य मी किमान चार वेळा म्हणाले. ते वाक्य मला आजही लागते.

दाखला शेवटच्या दिवशी सकाळी अकराला आला. मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती. एक वाजून वीस मिनिटांनी तिचा फोन आला, की संकेतस्थळ उघडत नाही. मी आलेख पाहिला. रेघ सुबक होती. "साइटवर ताण असेल, थोड्या वेळाने कर." दोन वाजता पुन्हा फोन. पुन्हा तेच उत्तर. सव्वादोनला भाऊ चहा घेऊन खालून वर आले.

"मॅडम, आपला आलेख कसा आहे?"

"उत्तम आहे, भाऊ."

"बरं. मुली मात्र जिन्यात उभ्या आहेत."

मी गल्लीत गेले. अभ्यासिकेच्या जिन्यावर पायरीपायरीला मुली होत्या, हातात लॅपटॉप, काखेत फायली. तळघरात मोबाईलला धड रेंज नव्हती. वर रस्त्यावर आले की फोनवर फॉर्म उघडे, पण फोटो आणि सही चढवण्याच्या पानावर अडकून बसे. प्रज्ञाने मला आपला पडदा दाखवला. त्यावर इंग्रजीत एक कोरडी ओळ होती: आपल्या पत्त्यावरून संशयास्पद प्रमाणात विनंत्या येत असल्याने प्रवेश थांबवला आहे.

ताण नव्हता. दूरच्या त्या संकेतस्थळाला एकाच पत्त्यावरून सकाळपासून शेकडो अर्ज येताना दिसत होते, आणि कोणत्याही सावध यंत्राने केले असते तेच त्याने केले. ही एक लबाड व्यक्ती आहे असे समजून दार लावून घेतले. सातशे खुर्च्यांवरची सातशे माणसे बाहेरून एकच माणूस दिसत होती, आणि ती तशी दिसावीत याची व्यवस्था मी हौसेने केली होती.

मी जिन्यातच प्रज्ञाला हे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे सगळे भातवाले एका टेबलावर बसवले का तू?"

मी म्हणाले, "वर चल. ऑफिसची लाइन वेगळी आहे, तुझा अर्ज तिथून पाच मिनिटांत जाईल."

तिने मागे वळून जिन्याकडे पाहिले. तिच्या मागच्या पायरीवरची मुलगी आमचे बोलणे ऐकत होती, आणि आपण ऐकत नाही असे दाखवण्यासाठी फायलीतली कागदपत्रे पुन्हा क्रमाने लावत होती. "साडेपाचला येईन मी," प्रज्ञा म्हणाली. "तोपर्यंत तू हे नीट कर. एवढ्या जणींना तुझ्या ऑफिसात कसं बसवता येईल, एकच तर खुर्ची आहे तुमच्याकडे." आणि मग हळू आवाजात, "साडेपाचच्या पुढे मात्र मी कुणाची वाट पाहणार नाही. सांगून ठेवते."

उपाय सोपा होता, फक्त आधी सुचायला हवा होता. अकरा अभ्यासिका अकरा वेगवेगळ्या पत्त्यांमागे टाकायच्या, दवाखान्यांत, दुकानांत, वयस्कर जोडप्यांत मिसळून. त्या जागी तितकी घरे सातव्या पत्त्यावर आणायची. त्या घरांतून कुणी हा फॉर्म भरणार नव्हते, त्यामुळे लागलेले दार त्यांना बाधणार नव्हते. पण त्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करावे लागणार होते, आणि सगळ्या ग्राहकांचे इंटरनेट एक मिनिट जाणार होते. ऐन कामाच्या वेळी. भाऊंच्या व्यवसायात याहून मोठे पाप नाही.

मी त्यांना चूक सांगितली. कुणाची, तेही सांगितले. त्यांनी चहा संपवला.

"मॅडम, पेठेतल्या गृहस्थाचं नेट एक मिनिट गेलं तर तो अर्ज करतो. या मुलींचं गेलं तर अर्ज राहतो. करून टाका."

त्यांनी स्वतः ग्राहकांना निरोप लिहिला: "चार वाजता एक मिनिट इंटरनेट बंद राहील. कारण महत्त्वाचे आहे. चौकशी पाचनंतर करावी." मी भिंतीवरचा सुबक आलेख काढला, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर सोळा टेबले काढली आणि काकूंसारखी माणसे बसवायला लागले. पहिली अभ्यासिका दंतवैद्यांशेजारी. दुसरी संस्कृत शिकवणाऱ्या बाईंच्या घराशेजारी. तिसरी कापडाच्या दुकानाशेजारी. या कामात मला आनंद झाला हे लिहायला हरकत नसावी. गल्लीतली माणसे मी तोपर्यंत रेघांत पाहिली होती. आता प्रत्येकाचे नाव वाचून विचार करत होते, याला काय लागते, केव्हा लागते, आणि याच्याशेजारी कोण असले तर दोघांनाही पुरेल.

चार वाजता यंत्र बंद केले. चार वाजून एक मिनिट बारा सेकंदांनी ते परत आले. लगेच फोन वाजला. एक आजोबा होते. "एक मिनिट म्हणाला होतात. बहात्तर सेकंद झाले." भाऊ म्हणाले, "बरोबर आहे आपलं. बारा सेकंद पुढच्या वेळी वळते करून देऊ."

मी खिडकीतून गल्लीकडे पाहत राहिले. काही वेळ काहीच झाले नाही. मग जिन्यावरची ओळ खालून विरळ व्हायला लागली. मुली एकेक करून बाहेर येत आणि गुऱ्हाळाकडे वळत. कुणी ओरडले नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घुंगरांचा आवाज तेवढा वाढला. पाऊण तासाने प्रज्ञा दोन पेले रस घेऊन ऑफिसचा जिना चढून आली आणि त्या एकुलत्या एका खुर्चीवर बसली.

"गेला," ती म्हणाली. मग आम्ही रस प्यालो. रसात आले जास्त झाले होते.

आज प्रज्ञा एका तालुक्याच्या गावी महसूल खात्यात आहे. अधिवासाच्या दाखल्यांचा ढीग टेबलावर साचतो अशी ती माझ्याकडे फोनवर तक्रार करते, आणि मी तिला मुळीच सहानुभूती दाखवत नाही. "कुणाचा तरी शेवटचा दिवस असेल," एवढेच म्हणते. मी हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत आहे आणि माझे काम लोकांना नव्या रचनेत नेण्याचे आहे, जिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळेल आणि कुणाला कुणाशेजारी बसवण्याची गरज उरणार नाही. ते व्हायलाच हवे. मी त्यासाठी झटते. तरीही काही सकाळी, बस अशी पुलाशी अडकली की, मला त्या सोळा टेबलांची आठवण येते. टंचाईत माणसांनी एकमेकांकडे जितके लक्ष देऊन पाहिले, तितके मुबलकतेत पाहतील का, हा प्रश्न माझ्या आलेखांत बसत नाही.

बस हलली तेव्हा मी भाऊंना दुसरा निरोप लिहिला. त्या मुलीला मेसमध्ये जेवायला न्यावे, काकू सांगतील तिथे बसवावे, आणि मग पाठकोऱ्या कागदावरची ती सोळा टेबले दाखवावीत. त्यावरही तिला मांडणी बदलावी वाटली, तर मला फोन करायला सांगावे. तिचा मुद्दा मी ऐकेन. कदाचित तिला माझ्याहून बरे सुचले असेल.

भाऊंचे उत्तर आले: "काकूंचं सांगता ते ठीक. तो कागद मी फ्रेम केला आहे. पुढची बाजू भिंतीकडे."

वहीतल्या त्या अर्जाच्या दिवसाच्या पानाविषयी एक राहिले. कोणत्या वेळी कोणत्या दारातून कुणाचा निरोप बाहेर गेला, याची नोंद यंत्राला नियमाने ठेवावी लागते आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती पुसली जाते. त्या संध्याकाळी रस पिऊन झाल्यावर मी प्रज्ञाला विचारले, "तुझी ओळ पाहू का?"

"पाहा ना. काय दिसते त्यात?"

"फॉर्म दिसत नाही, नावही नाही. फक्त वेळ आणि दार."

"मग सांग, कोणत्या दारातून गेली मी?"

लाखभर ओळींतून ती शोधायला सहा मिनिटे लागली. मी आकडा वाचला. तिने तो परीक्षेतल्या आसन क्रमांकासारखा दोनदा म्हणून पाहिला. दहा मिनिटांनी तेच दार दुसऱ्या कुणाला मिळाले असणार, एखाद्या आजोबांना, एखाद्या दुकानाला. यंत्रातली ती ओळ आता पुसून गेली आहे. निळ्या वहीत मात्र ती आहे, वडिलांनी सांगितले होते तशी, वेळेसकट. चार वाजून तेवीस मिनिटे, पत्ता क्रमांक तीन, दार ४१२६८.